बेंदूर, कार हुण्णिमे, वटपौर्णिमा : एका पुनवेची तीन नावं

(कसबा बावडा, कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय दिनदर्शिकेच्या एका चौकोनात मावणारा आहे. जूनचं पान उघडा. ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'कर्नाटकी बेंदूर'. त्याला खेटून, कधी त्याच चौकोनात, 'वटपौर्णिमा'. आणि महिनाभर पुढं, आषाढी पौर्णिमेच्या आगेमागे, 'महाराष्ट्रीय बेंदूर'. आपल्या भागात लहानपणापासून हे वाचत आलो, त्यामुळं त्यात काही विचारण्यासारखं आहे असं सहसा वाटत नाही. पण अलीकडे तरुण मुलं विचारतात आणि प्रश्न साधाच असतो : कर्नाटकी म्हणजे त्यांचा आणि महाराष्ट्रीय म्हणजे आपला, असंच ना?

तसं नाही. ते कसं नाही, हे सांगण्यासाठी आज थोडं लांबून यावं लागेल. पार उत्तर युरोपातून.

बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा छोटा देश आहे. तिथला वर्षातला सगळ्यात मोठा लोकसण जूनच्या २३ आणि २४ तारखेला येतो. दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. लोक शहर सोडून खेड्यात जातात, टेकडीवर जाळ पेटवतात, बायका रानफुलांचे आणि पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, दाराला बर्चच्या डहाळ्या लावतात, ओव्याच्या जातीचं बी घातलेलं चीज खातात आणि सूर्य उगवेपर्यंत जागतात. आता या सणाचं नाव काय? एक नाही. २४ तारखेला म्हणतात 'यानी'. हे नाव 'यानिस'वरून आलं आणि यानिस म्हणजे बाप्तिस्मा देणारा संत योहान, ज्याचा दिवस ख्रिस्ती पंचांगात २४ जूनला असतो. २३ तारखेला म्हणतात 'लीगो'. हा कुणी संत नाही. त्या रात्री जी गाणी म्हणतात त्यांचं ध्रुपद म्हणजे 'लीगो', आणि त्या भाषेत 'लीगोत' म्हणजे डोलणं, झुलणं. शिवाय त्याच दिवसाचं तिसरं नाव आहे 'गवताचा दिवस', म्हणजे रानपाला, औषधी वनस्पती गोळा करायचा दिवस.

म्हणजे बघा. सण एक, नावं तीन. एक चर्चनं दिलेलं, एक गाण्यातून आलेलं, एक रानातून. आणि तिन्ही नावं ज्या गोष्टीबद्दल गप्प आहेत ती गोष्ट म्हणजे सूर्य! खरं तर सगळा खटाटोप त्याच्यासाठी. त्या अक्षांशावर जूनअखेरीस दिवस जवळजवळ अठरा तासांचा होतो, डिसेंबरात तो जेमतेम सात तासांवर येतो. अशा ठिकाणी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस ही केवढी मोठी गोष्ट असेल, हे आपण इथं बसून कल्पनेनंच समजून घ्यायचं.

कारण आपल्याकडं काय होतं? कोल्हापूरचा सगळ्यात मोठा दिवस साधारण तेरा तासांचा. डिसेंबरातला दिवस अकरा तासांचा. दोन तासांच्या फरकासाठी कोण जाळ पेटवणार? दुसरं असं, की सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो जूनमध्ये येतच नाही. तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतो, तेव्हा भर दुपारी सावली पायाखाली जाते. पुढं २१ जूनपर्यंत तो आपल्या उत्तरेकडं सरकलेला असतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं : २१ जूनला कोल्हापुरात सूर्य दिसेलच याची खात्री कोण देणार? तो ढगात असतो. तिथं ज्या दिवशी लोक सूर्य बघत रात्र काढतात, त्या दिवसांत इथं माणसं पंचगंगेकडं बघत असतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, ही पुढच्या दोन महिन्यांची बावड्यातली सकाळची पहिली चौकशी. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

शेतकऱ्याचं जुनं पंचांग हे बरोबर ओळखून होतं. सूर्य ज्या नक्षत्रात जातो त्या नक्षत्राचा पाऊस. ७-८ जूनला मृग लागतो आणि २१-२२ जूनला आर्द्रा. आता 'आर्द्रा' या शब्दाचा अर्थ काय? ओली. सूर्य उत्तरेकडच्या टोकाला पोचतो, नेमका त्याच दिवशी आपल्या पंचांगात लिहिलेलं असतं 'ओली'. (पुढच्या पुनर्वसूला 'तरणा' पाऊस आणि पुष्याला 'म्हातारा' पाऊस म्हणणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ही सगळी नावं एकदा नीट लिहून घ्यावीत.)

तर मुद्दा असा, की लाटव्हियाचा मध्यउन्हाळा आणि आपला पावसाळ्याचा आरंभ आकाशात एकच घटना आहे. जमिनीवर मात्र त्या दोन वेगळ्या घटना आहेत. म्हणून आपल्या सणाच्या नावात काय असायला हवं? ढग. आणि तो आहे. फक्त तो मराठी नावात नाही, कानडी नावात आहे.

ज्याला आपण कर्नाटकी बेंदूर म्हणतो त्याला पलीकडं, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, विजापूरकडं 'कार हुण्णिमे' म्हणतात. बोलीत 'कार हुण्णिवी'. यातला 'हुण्णिमे' हा शब्द आधी घेऊ, कारण तो ऐकायला परका वाटतो आणि प्रत्यक्षात घरचा आहे. जुन्या कानडीत शब्दाच्या सुरुवातीला जो 'प' होता त्याचा पुढं 'ह' झाला. दुधाला तमिळमध्ये 'पाल्', आजच्या कानडीत 'हालु'. फुलाला तिकडं 'पू', इकडं 'हू'. वाघाला 'पुलि', इकडं 'हुलि'. गावांच्या नावातली 'हळ्ळी' ही जुनी 'पळ्ळी'. हा बदल एखाद-दुसऱ्या शब्दात झाला नाही, ओळीनं झाला. आता संस्कृत 'पूर्णिमा', प्राकृतात ती 'पुण्णिमा', आणि कानडीत गेल्यावर 'प'चा 'ह' होऊन 'हुण्णिमे'. त्याच प्राकृत शब्दापासून आपली मराठी 'पुनव' झाली. म्हणजे हुण्णिवी आणि पुनव या सख्ख्या बहिणी. एक नदीच्या अल्याड दिली, एक पल्याड.

राहिला 'कार'. हा संस्कृतातून आलेला नाही, द्राविड भाषांचा स्वतःचा आहे. त्याचा अर्थ काळेपणा, काळा ढग, आणि त्यावरून पावसाळा. कानडीत 'कार्मोड' म्हणजे काळा मेघ, 'कार्गत्तले' म्हणजे मिट्ट काळोख, 'कार्गाल' म्हणजे पावसाळा. तुम्ही 'मुंगारु मळे' हे नाव ऐकलं असेल, २००६ सालचा तो कानडी सिनेमा तिकडं प्रचंड चालला. त्यातला 'मुंगारु' फोडून पाहा : 'मुन्' म्हणजे पुढचा, आधीचा, आणि 'कारु' म्हणजे पाऊस. आधीचा पाऊस, म्हणजे आपला खरिपाचा. त्याच्या जोडीला 'हिंगारु' म्हणजे मागचा पाऊस, रब्बीचा. तेव्हा 'कार हुण्णिमे' याचा अर्थ सरळ आहे : पावसाळ्याची पुनव. काळ्या ढगांची पुनव.

आता हीच पुनव घराच्या दुसऱ्या दाराने बघू. त्याच दिवशी बायका वडाला सूत गुंडाळतात, आणि त्यांच्या दृष्टीने तिचं नाव 'वटपौर्णिमा'. उत्तर भारतात बरेच ठिकाणी हेच व्रत ज्येष्ठ अमावास्येला करतात, आपल्याकडं पौर्णिमेला. आणि गोठ्यातल्या माणसाच्या दृष्टीने तो बेंदूर. म्हणजे ढगावरून एक नाव, झाडावरून एक, बैलाच्या सणाचं एक. पंचांगवाल्याचं चौथं म्हणाल तर 'ज्येष्ठ', कारण त्या पौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठा नक्षत्राजवळ असतो. नाव कोण देतो त्यावर त्यात काय येणार ते ठरतं, एवढं यातून दिसतं.

तारखा मात्र हलतात, कारण आपली पुनव चंद्राची. वटपौर्णिमा २०२३ साली ३ जूनला होती, २०२५ साली १० जूनला. २०२४ साली ती २१ जूनला आली. दिवस सगळ्यात मोठा आणि पुनव, दोन्ही एकाच तारखेला. त्या वर्षी लाटव्हियातली माणसं जाळासाठी लाकडं गोळा करत होती तेव्हा आपल्याकडं वडाला फेऱ्या चालल्या होत्या.

बेंदराच्या दिवशी काय होतं ते बावड्यात सांगायची गरज नाही, पण ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मंडळीही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. बैल धुतात. शिंगं घासून त्यांना हिंगूळ लावतात किंवा रंग देतात, टोकांना पितळी शेंब्या घालतात, गोंडे बांधतात. नवी वेसण, नवा कासरा, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. खांद्याला तेल-हळद चोळतात, कारण वर्षभर जू तिथंच बसतं. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पुरणपोळीचा घास, शिंगात कडबोळी. आणि संध्याकाळी 'कर तोडणे'.

या 'कर' शब्दापाशी आम्हाला जरा थांबायचं आहे. हा महापालिकेचा घरफाळा नव्हे, आणि हातही नव्हे. वेशीजवळ किंवा गल्लीच्या तोंडाशी पानं बांधलेली दोरी आडवी ताणतात, बैल पळवत आणतात, आणि जो पहिला ती तोडून जाईल त्याचा मान. तिकडं कानडीत याला 'करि हरियुवुदु' म्हणतात. 'हरि' म्हणजे तुटणं, तोडणं. आमचं मत असं, की 'कर तोडणे' हा त्याच शब्दप्रयोगाचा अर्धा अनुवाद आहे : क्रियापद मराठी झालं, नाम तसंच राहिलं. दुसरीकडं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला, म्हणजे किंक्रांतीला, आपण 'कर' म्हणतो, होळीच्या दुसऱ्या दिवसालाही. पंचांगात असे दिवस 'करिदिन' म्हणून अशुभ धरलेले. कानडी मुलखातही सणानंतरचा दिवस 'करि'. आणि कानडीत 'करि' म्हणजे काळं. तेव्हा जे काळं, जे अशुभ, ते वेशीवर आडवं ताणायचं आणि पेरणीआधी बैलाकडून तोडून घ्यायचं, असा अर्थ आम्हाला सगळ्यात सयुक्तिक वाटतो.

तिकडं यात एक भाकीतही असतं. पांढरा बैल पुढं निघाला तर शाळू, कापूस अशी पांढरी पिकं चांगली येणार, तांबडा निघाला तर तांबडी धान्यं. हवामान खात्याच्या अंदाजापेक्षा हे खरं ठरतं का, असं विचारू नका. पण शेतकरी कोणत्या चिंतेत उभा आहे ते यातून कळतं. आभाळ काळं झालेलं आहे, बियाणं घरात आहे, आणि सगळा डाव अजून खेळायचा आहे.

आता 'बेंदूर' हा शब्द. इथं मोह होतो. कोणी म्हणेल, बैल अधिक इंद्र, झाला बेंदूर. पाऊस इंद्राचा, काम बैलाचं, किती छान जुळलं! असं जुळणं हीच धोक्याची खूण असते. मघाशी 'प'चा 'ह' कसा झाला ते पाहिलं. तिथं एक नियम होता आणि तो दहा शब्दांत दाखवता येतो. बैल आणि इंद्र चिकटवून बेंदूर करायचा तर तसे चिकटलेले आणखी चार शब्द दाखवावे लागतील. दोन शब्द कानाला जुळले म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. शेजारचा 'पोळा' बघा, तो साधा आहे. देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू म्हणजे 'पोळ'. त्याच्यावरून पोळा. ज्या बैलाला कामाला लावत नाहीत त्याचं नाव, एका दिवसापुरतं, कामाच्या सगळ्या बैलांना दिलं. नावाचा अर्थ असा लागला पाहिजे, की त्यामागची रीतसुद्धा समजावी.

पोळा श्रावण अमावास्येला, काही भागांत भाद्रपद अमावास्येला. बेंदूर ज्येष्ठात किंवा आषाढात. तारखा अशा पसरलेल्या का? आम्हाला याचं उत्तर शेतात दिसतं. पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून आलेली रीत पेरणीच्या तोंडावर बैलाला पूजते : आता तुझ्यावर मदार आहे. आषाढातला बेंदूर पेरणीची घाई उरकल्यावर. आणि पोळा कुळवणी-कोळपणी संपून बैल मोकळा झाल्यावर : झालं रे बाबा, आता बस. एकाच जनावराला एकदा विनवणी, एकदा आभार. कोल्हापूर जिल्हा या दोन्हींच्या मधोमध आहे, म्हणून इथं एका गावात ज्येष्ठात कर तुटते आणि चार कोसांवरच्या गावात आषाढात.

म्हणजे 'कर्नाटकी' आणि 'महाराष्ट्रीय' ही विशेषणं दोन वेळा सांगतात, दोन मालक नव्हे. राज्यांच्या सीमा १ नोव्हेंबर १९५६ ला आखल्या गेल्या. त्या राज्याचं 'म्हैसूर' हे नाव बदलून 'कर्नाटक' झालं ते १९७३ साली. कर्नाटक हे मुलखाचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, आणि तो मुलूख आपल्या दारापर्यंत, खरं तर दाराच्या आतपर्यंत होता. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या देवळात कानडी शिलालेख आहेत आणि यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेखही आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांचे लेख संस्कृतात आहेत तसे कानडीतही. घरात आपण अण्णा म्हणतो, अक्का म्हणतो, तूप वाढतो, अडकित्त्यानं सुपारी कातरतो. यातला कुठला शब्द परत पाठवणार? सीमाभागातल्या मराठी माणसाचा प्रश्न खरा आहे, त्याची भाषा, त्याची शाळा, त्याचे कागद, यांवरचा त्याचा हक्क खरा आहे, आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. पण त्या भांडणात बेंदराला साक्षीला उभं करू नये. तो दोन्हीकडची साक्ष देईल.

आता अडचणीची गोष्ट. बावडा महापालिकेच्या हद्दीत आहे. मळ्यांवर घरं झाली, नांगरटीला ट्रॅक्टर आला, गल्लीत बैलजोडी मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. गळिताच्या दिवसांत राजाराम कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्या दिसतात, पण त्यातली कितीतरी मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कामगारांची, आणि त्या बैलांचा सण पोळा, तोही त्यांच्या गावी. बैल जातो तेव्हा त्याच्याबरोबर शब्द जातात. शेंब्या, म्होरकी, शिवळ, सापती, खांदमळणी. यातले किती आपल्या नातवंडांना माहीत आहेत, घरी जाऊन विचारून बघा. ट्रॅक्टरला हार घालतात त्याला आमचा काही आक्षेप नाही. फक्त ट्रॅक्टरला खांदा नाही, त्यामुळं खांदमळणी हा शब्द त्याला लावता येत नाही.

शेवटी एक प्रश्न आला, तो सांगून थांबतो. मागं बसलेल्या एका ताईंनी विचारलं, आमच्याकडं बैल कधीच नव्हता, आम्ही कुंभाराकडून मातीची जोडी आणून पाटावर पुजतो, मग तो बेंदूर खरा धरायचा का?

ताई, कार हुण्णिमेनंतर पंधरा दिवसांनी जी अमावास्या येते तिचं कानडी नाव 'मण्णेत्तिन अमावास्ये'. 'मण्णु' म्हणजे माती, 'एत्तु' म्हणजे बैल. मातीच्या बैलांची अमावास्या. ज्यांच्या गोठ्यात खरे बैल बांधलेले असतात, तीच घरं त्या दिवशी मातीचे बैल करून पुजतात. तुमची पाटावरची जोडी ही गोठा नाही म्हणून काढलेली पळवाट नाही. तिच्यासाठी पंचांगात वेगळा दिवस आहे आणि त्या दिवसाला तिचंच नाव आहे.